ग्रंथालये : मालक की भाडेकरू?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १ एप्रिल १९१९ रोजी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामास प्रारंभ झाला आणि ते काम पुरे व्हावयास १९६६ साल उजाडले. काश्मीरच्या शारदेपासून केरळच्या मल्याळमपर्यंत अनेक लिप्यांतील बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पडताळली गेली. आखलेल्या कागदांवर अक्षराखाली अक्षर मांडून पाठभेद नोंदविले गेले. १९२५ साली प्रधान संपादकपदी आलेले डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ साली हे कार्य अपुरे ठेवूनच निवर्तले. मागाहून आलेल्यांनी ते सिद्धीस नेले. पुण्यातील पंडितांच्या दोन पिढ्यांचे आयुष्य या एका ग्रंथात वेचले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या आवृत्तीची संहिता आज जगातील कोणताही मनुष्य घरबसल्या, एक पैसाही न देता, संगणकाच्या पडद्यावर वाचू शकतो. हवा तो शब्द हजारो श्लोकांच्या त्या पसाऱ्यातून क्षणार्धात शोधूही शकतो. परंतु ती संहिता संगणकात प्रथम उतरविली गेली ती पुण्यात नव्हे. जपानमधील क्योतोचे प्रा. मुनेओ तोकुनागा यांनी ती टंकित केली, आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून, सुधारून सर्वांना खुली केली. यात कोणी वैषम्य मानावयाचे कारण नाही. विद्येला सीमा नसतात, आणि व्यासांचे ऋण फेडण्याचा अधिकार क्योतोच्या प्राध्यापकालाही आहेच. तरीपण एक प्रश्न मनात उभा राहतो. सत्तेचाळीस वर्षे खपून जी संहिता सिद्ध केली गेली, तिला नव्या माध्यमात नेण्याचे शेवटचे आणि तुलनेने सोपे काम आपल्याकडील एखाद्या ग्रंथालयाने वा विद्यापीठाने आपले म्हणून का हाती घेतले नाही? पैसा नव्हता, हे उत्तर पुरेसे नाही. हे काम ग्रंथालयाचे आहे असे कोणास वाटतच नव्हते, हे त्याचे खरे उत्तर असावे.

या प्रश्नाची आठवण आज होण्याचे कारण वेगळे आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपत्रिका सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना वाचावयास मिळाव्यात, आणि त्याचा लाभ सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांना व्हावा, अशी ही योजना आहे. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राकडे तिचा कारभार सोपविला आहे.

या योजनेचे स्वागतच केले पाहिजे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकाला जी पत्रिका सहज मिळते, ती गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील अध्यापकाला डोळ्यांनीही दिसू नये, ही स्थिती लज्जास्पद होती. ज्याच्या विद्यापीठाकडे पैसा त्याला ज्ञान, आणि ज्याच्याकडे नाही त्याने ओळखीच्या मित्राकडून चोरून प्रती मागवाव्यात, हा व्यवहार या देशात वर्षानुवर्षे उघडपणे चालत आला. हिशेब केला तर वर्षाला २,००० कोटी, म्हणजे लाभार्थ्यामागे वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास खर्च होतो. तो फार आहे असे म्हणता येणार नाही. मात्र योजनेची व्याप्ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती आहे, आणि महाराष्ट्रात तर बहुसंख्य महाविद्यालये शिक्षण मंडळांनी आणि शिक्षण प्रसारक संस्थांनी चालविलेली आहेत, ही गोष्ट दिल्लीच्या टेबलावर कोणी ठळकपणे मांडली होती की नाही, याची शंका येते. कर्मवीरांच्या आणि पंजाबरावांच्या महाराष्ट्रात ‘खासगी’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

परंतु खरा मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. या सहा हजार कोटींत देशाने नक्की काय विकत घेतले?

पूर्वी महाविद्यालयाचे ग्रंथालय एखाद्या नियतकालिकाची वर्गणी भरी, तेव्हा अंक टपालाने येत. वर्षाअखेर बाइंडर त्यांना पुठ्ठ्यात बांधी, पाठीवर सोनेरी अक्षरांत साल उमटे, आणि तो खंड कपाटात जाऊन बसे. पुढल्या वर्षी अनुदान कापले गेले, वर्गणी बंद पडली, तरी तो खंड तेथेच राही. वाळवी आणि ओल यांच्यापासून बचावला तर पन्नास वर्षांनी आलेल्या विद्यार्थ्यालाही तो मिळे. आजच्या व्यवस्थेत ग्रंथालयाच्या हाती अंक येत नाही. अंक जेथे ठेवला आहे त्या परक्या दालनात जाण्याचा परवाना येतो. करारात तशी अट मुद्दाम घालून घेतली नसेल, तर मुदत संपली की दालनाचे दार बंद होते, आणि भाडे भरले त्या वर्षांचे अंकही त्याबरोबर आतच राहतात. वाड्यात तीस वर्षे राहिलेल्या भाडेकरूलादेखील काही हक्क असतात. या भाडेकरूला तेवढेही नाहीत.

हे दालन कोणाचे, हेही पाहावे. संशोधन होते ते बहुतांशी जनतेच्या पैशावर. निबंध लिहिणारा अध्यापक सरकारी पगार घेतो. त्या निबंधाची पारख करणारा दुसरा अध्यापक ती फुकट करतो. आणि छापून आलेला निबंध वाचण्यासाठी पुन्हा सरकारच पैसे मोजते. शेतकऱ्याने कापूस पिकवावा, विणकराने कापड विणावे, आणि दोघांनीही तेच कापड दुप्पट दामाने दुकानातून विकत घ्यावे, असा हा प्रकार आहे. अशा प्रकाशकांपैकी सर्वांत मोठ्या मंडळींचा नफा विक्रीच्या शेकडा तीसहून अधिक असतो, हे त्यांच्या वार्षिक अहवालांतूनच दिसते. एवढा नफा साबण-तेलाच्या व्यापारातही मिळत नाही. गरीब देशच याविषयी कुरकुर करतात असे मात्र नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठासारख्या श्रीमंत संस्थेच्या ग्रंथालय समितीने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या प्राध्यापकांना लेखी कळविले की, काही थोड्या प्रकाशकांच्या पत्रिकांवर वर्षाला जवळजवळ ३७ लाख ५० हजार डॉलर खर्च होत असून हा भार सोसण्यापलीकडे गेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ साली एल्सेव्हिअर या बलाढ्य प्रकाशकाशी बोलणी मोडली, दोन वर्षे त्याच्या पत्रिकांवाचून काढली, आणि २०२१ साली आपल्या अध्यापकांचे निबंध सर्वांना खुले राहतील अशा अटीवर नवा करार केला. बोलणी मोडण्याची तयारी असलेला गिऱ्हाईकच भाव करू शकतो. संपूर्ण भारतासारखे गिऱ्हाईक तर या प्रकाशकांना दुसरे क्वचितच मिळेल.

खुल्या प्रकाशनाची चळवळ या असंतोषातून जन्मास आली. पदार्थवैज्ञानिकांनी १९९१ पासूनच आपले निबंध छापण्यापूर्वी सर्वांसाठी संगणकावर ठेवण्याचा प्रघात पाडला. २००२ साली बुडापेस्ट येथून निघालेल्या जाहीरनाम्याने या प्रघाताला तत्त्वाचे रूप दिले : संशोधनाचे निबंध सर्वांना मुक्तपणे वाचता आले पाहिजेत. ब्राझीलने त्याच्याही आधी, १९९८ साली, ‘सायेलो’ नावाचा उपक्रम सुरू करून आपल्या विद्यापीठांच्या पत्रिका पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत सर्वांसाठी खुल्या केल्या. लेखकाला छापण्याचा खर्च नाही, वाचकाला वाचण्याचा नाही. दक्षिण अमेरिकेतील इतर देशांनी तीच वाट धरली. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने आपल्या पत्रिका वाचकांना फुकट उपलब्ध केल्या, हीही या संदर्भात नोंदविण्यासारखी गोष्ट आहे.

मोठ्या प्रकाशकांनी मात्र या चळवळीलाच आपल्या गल्ल्याकडे वळवून घेतले. वाचकाकडून पैसे नकोत ना, ठीक. मग ते लेखकाकडून घेऊ! ‘नेचर’ या प्रख्यात साप्ताहिकाने २०२० च्या अखेरीस एक निबंध खुला करण्याची फी ९,५०० युरो जाहीर केली. त्या वेळच्या भावाने ही रक्कम आठ लाख रुपयांहून अधिक होते. एवढ्या रकमेत महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची कित्येक वर्षांची ग्रंथखरेदी व्हावी. केंद्राच्या नव्या योजनेत अशी फी भरण्यासाठी वर्षाला १५० कोटींचा वेगळा निधी ठेवला आहे. म्हणजे आता देश वाचण्याचे पैसे देणार आणि लिहिण्याचेही देणार. आपल्याच दोन विज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये खुल्या प्रकाशनाचे एक समंजस धोरण जाहीर केले होते : सरकारी मदतीवर लिहिलेल्या निबंधाची प्रत लेखकाने आपल्या संस्थेच्या संग्रहात ठेवावी, म्हणजे ती कालांतराने सर्वांना मिळेल. याला खर्च जवळजवळ शून्य. पण त्यासाठी प्रत्येक संस्थेत निबंध मागून घेणारा, नोंदविणारा, सांभाळणारा ग्रंथपाल लागतो, आणि तो नेमण्याचे धोरण कोणी जाहीर केले नाही.

लेखकाकडून पैसे घेण्याच्या या रिवाजाची एक बाजारू आवृत्ती आपल्या अध्यापकवर्गाच्या चांगलीच परिचयाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत बढतीसाठी निबंधांचे गुण मोजण्याची पद्धत आणली, आणि पाहता पाहता ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणविणाऱ्या पत्रिकांचे पीक आले. दोन-तीन हजार रुपये भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या. पारख नाही, संपादन नाही. मुखपृष्ठावर पृथ्वीच्या गोलाचे चित्र मात्र हमखास. आयोगाने मग मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी केली. तिच्यातील ४,३०५ पत्रिका मे २०१८ मध्ये आयोगालाच काढून टाकाव्या लागल्या. नंतर नवी यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि पारख करण्याचे काम संस्थांवर सोपविले गेले. या सर्व खटाटोपात मराठीतून सचोटीने संशोधन करणारा अध्यापक मात्र भरडला गेला. त्याचा निबंध छापणाऱ्या जुन्या, प्रतिष्ठित त्रैमासिकांचे अस्तित्वच वर्गणीदारांवाचून धोक्यात आले. एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मराठीतील दोन-चार चांगल्या संशोधनपत्रिकांचे पालकत्व घेऊन त्या सर्वांना खुल्या केल्या, तर ब्राझीलने जे केले ते येथे का होऊ नये? त्यास आठ लाख लागत नाहीत; एक संपादक, एक ग्रंथपाल आणि दहा वर्षांची चिकाटी लागते.

आपल्याला हे जमत नाही, असे म्हणावयास आधार नाही. ‘शोधगंगा’ हे त्याचे उदाहरण. पीएच.डी.चा प्रबंध म्हणजे विद्यापीठाच्या कपाटात कुलूपबंद होणारी वस्तू, ही आपली जुनी परंपरा. दोन प्रती बांधावयाच्या, एक परीक्षकाकडे आणि एक ग्रंथालयाकडे. पुढे त्या प्रतीचे दर्शन घेण्यासाठी कुलसचिवांपर्यंत अर्ज. २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आले आणि ‘इन्फ्लिबनेट’ने ‘शोधगंगा’ उभी केली. आज तेथे देशभरातील पाच लाखांहून अधिक प्रबंध कोणालाही वाचता येतात. यामुळे उचलेगिरी उघडी पडू लागली, हा एक लाभ. पण नांदेडच्या वा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला आपल्या विषयावर आधी काय लिहिले गेले आहे ते घरी बसून कळू लागले, हा त्याहून मोठा.

मराठी प्रबंधांच्या वाट्याला मात्र या गंगेतही कोरडेपणाच आला आहे. त्यांपैकी पुष्कळ प्रबंध पानांची नुसती छायाचित्रे आहेत. संगणकाला ती चित्रे म्हणूनच दिसतात. त्यांतला एकही शब्द शोधता येत नाही. मधल्या पंधरा-वीस वर्षांतील प्रबंध श्रीलिपी, आकृती यांसारख्या तत्कालीन अक्षरसंचांत टंकलेले. युनिकोडच्या सर्वमान्य व्यवस्थेपूर्वीचे ते अक्षरसंच आज उघडले तर देवनागरीच्या जागी रोमन चिन्हांची रांगोळी दिसते. म्हणजे १९९५ साली कष्टाने टंकलेला प्रबंध आज १८९५ साली शिळाप्रेसवर छापलेल्या पुस्तकाहूनही दुर्वाच्य झाला आहे. ही अक्षरे पालटून देणारी साधने उपलब्ध आहेत. ती चालवावयाची कोणी, हाच प्रश्न पुन्हा ग्रंथालयाच्या दारात येऊन थांबतो.

घाईने केलेले काम कसे वाया जाते, याचाही धडा आपल्यापाशी आहे. या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या नावाने लक्षावधी पुस्तके यंत्रावर उतरविण्याचा मोठा उद्योग झाला. मराठी वाचकांनी त्यातून कितीतरी दुर्मिळ पुस्तके मिळविली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाने गहाळ, काही पाने तिरपी, काही दोनदा. आणि नोंदींचा तर असा गोंधळ की, मराठी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत कोणीतरी कानाने ऐकून लिहिलेले असावे असे वाटे. स्वामित्वहक्काची तपासणी नीट न झाल्याने पुढे तो संग्रहच जनतेसाठी बंद करावा लागला. त्यातील पुस्तके आज वाचावयास मिळतात ती अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने प्रती ठेवल्या म्हणून. महाभारतासाठी क्योतो, आणि मराठी पुस्तकांसाठी सॅन फ्रान्सिस्को!

या ठिकाणी शं. ग. दाते यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची वर्गीकृत सूची या गृहस्थाने ग्रंथालये धुंडाळून, पुस्तक हाती घेऊन, तपासून तयार केली. पुढे १९५० पर्यंतचा भागही केला. कोणाही मराठी संशोधकाचे पाऊल आज त्या सूचीवाचून पुढे पडत नाही. पुस्तकाचे छायाचित्र काढणे हे यंत्राचे काम आहे; ते पुस्तक कोणाचे, कोणत्या साली कोणत्या छापखान्यात छापले, त्याची दुसरी आवृत्ती पहिलीहून कोठे वेगळी, हे सांगणे दात्यांच्या जातीचे काम आहे. दुसऱ्या कामावाचून पहिले म्हणजे नावे न लिहिलेल्या बरण्यांचे फडताळ. डिजिटल विद्याव्यासंग हा शब्द आज परिसंवादांतून फार ऐकू येतो. त्याचा अर्थ शोधावयाचा तर तो यंत्रांच्या यादीत नसून अशा नोंदींच्या शिस्तीत आहे.

दप्तरखान्यांची कथा याहून अवघड आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत पंचेचाळीस खंड निवडून प्रसिद्ध केले. त्यानंतर उरलेल्या मोडी रुमालांचा डोंगर जवळजवळ तसाच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळापासून धुळ्याच्या राजवाडे मंडळापर्यंत खासगी संस्थांच्या कपाटांतही हीच संपत्ती, आणि ती वाचणारे डोळे दर वर्षी कमी होत आहेत. २०२५ साली रुडकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी पुण्यातील अभियांत्रिकी संस्थांच्या सहकार्याने मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकीय पद्धती तयार केल्याचे जाहीर झाले. दोन हजारांहून अधिक मोडी कागदांच्या प्रतिमा आणि तज्ज्ञांनी केलेली त्यांची लिप्यंतरे यांवर ती शिकविली गेली. उपक्रम उमेद वाढविणारा आहे. परंतु कोट्यवधी कागदांपुढे दोन हजार म्हणजे किती, हेही ध्यानात घ्यावे. यंत्राला शिकवावयाचे तर आधी माणसाने बरोबर वाचलेले नमुने हवेत, म्हणजे मोडीचा जाणकार हवाच. २०२५ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांच्या ‘ज्ञानभारतम्’ योजनेची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीचा संकल्प सोडला गेला, आणि राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाची तरतूद साडेतीन कोटींवरून ६० कोटींवर नेण्यात आली. ही वाढ मोठीच आहे. तथापि दुसऱ्यांच्या पत्रिका वाचण्यासाठी वर्षाला २,००० कोटी आणि स्वतःची हस्तलिखिते वाचण्यासाठी ६० कोटी, हे आकडे एकाखाली एक लिहून पाहिले म्हणजे आपला अग्रक्रम लख्ख दिसतो. विज्ञानाच्या पत्रिका हव्यातच. त्यावरील पैसा काढून दप्तरांना द्या, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पत्रिकेची वर्गणी पुढल्या वर्षीही भरता येते. कसर लागलेला कागद पुढल्या वर्षापर्यंत थांबत नाही. आणि नेहमी कसरच कारण होते असेही नाही : ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तेव्हा काय घडले, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

कायद्याचा अडसर आहे अशी सबब यावर पुष्कळदा ऐकू येते. ती पूर्णतः खरी नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. सरदेसाई १९५९ साली वारले. ‘मराठी रियासत’ १ जानेवारी २०२० पासून मुक्त आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात ज्यांचे कार्य झाले ते दामोदर धर्मानंद कोसंबी १९६६ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाच्या मुक्ततेची तारीख १ जानेवारी २०२७ ही ठरते. एखाद्या ग्रंथालयाने त्या तारखेची तयारी आधीपासून करून ठेवावी, असे कोणाच्या मनात येते काय? २०१२ च्या दुरुस्तीने तर विनानफा चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्या मालकीच्या पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठी करून ठेवण्याची स्पष्ट मुभा दिली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर तीन विदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. २०१६ साली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी केलेल्या अशा प्रतींच्या बाजूने कौल दिला आणि पुढल्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने ग्रंथ आणि अहवाल संगणकावर आणून सर्वांना खुले केले, ते याच कायद्याच्या चौकटीत. म्हणजे वाट आहे.

येथे एक भेद मात्र पाळला पाहिजे. पगारी अध्यापकाचा निबंध खुला करणे आणि लेखणीवर जगणाऱ्या लेखकाचे पुस्तक फुकट वाटणे, या गोष्टी एक नव्हेत. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती खपावयास वर्षे लागतात. त्यातील कादंबरीकाराचे मानधन ‘ज्ञान मुक्त असावे’ या घोषणेखाली बुडविणे हा शुद्ध अन्याय होईल. भ्रमणध्वनीवरून पुस्तकांच्या चोरट्या प्रती फिरविणाऱ्यांना खुल्या प्रकाशनाचे कैवारी समजण्याचेही कारण नाही. दुसरीकडे, जुन्या संशोधनसंस्थांना वाटणारी भीतीही समजून घ्यावी. आपल्याकडील कागद सर्वांना दिले तर आपल्या दारी कोण येईल, देणगी कोण देईल, ही त्यांची चिंता खोटी नाही. सरकारने त्यांना संग्रह खुला करण्याच्या मोबदल्यात कायमचे अनुदान द्यावे. एकरकमी यंत्रखरेदीचे अनुदान नव्हे. यंत्र पाच वर्षांत जुने होते आणि पावतीपुरते उरते.

अखेर सारे येऊन ठेपते ते एका पदावर. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठ ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे भारदस्त नाव दिले आणि ग्रंथपालाला संचालक केले. पाटी बदलली. आतील चित्र असे की, अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे. ग्रंथालय परिचराच्या भरवशावर चालते, आणि दालनात स्पर्धापरीक्षांची मुले स्वतःची पुस्तके घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासाला बसतात. त्या मुलांना जागा मिळते हे चांगलेच आहे; पण कपाटाची किल्ली दिवसभरात एकदाही फिरत नाही. १९२४ साली मद्रास विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक सोडून ग्रंथपाल झालेल्या रंगनाथन यांनी १९३१ साली जी पंचसूत्री सांगितली, तिचे पहिलेच सूत्र असे होते की, पुस्तके वापरण्यासाठी असतात. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत ते अजून दरसाल विचारले जाते.

केंद्राच्या वर्गणीच्या या तरतुदीची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. पुढल्या वेळी बोलणी करावयास बसणाऱ्या समितीत सचिवांच्या बरोबरीने चार अनुभवी ग्रंथपालही असावेत, आणि त्यांपैकी एक तरी लहान गावातील महाविद्यालयाचा असावा. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक देशातील ग्रंथालयांपाशी कायम राहतील, आणि भारतीय लेखकाने लिहिलेला प्रत्येक निबंध त्याच्या संस्थेच्या संग्रहात विनामूल्य ठेवता येईल, ही दोन कलमे त्यांनी मागून घ्यावीत. प्रकाशक नाही म्हणतील. कॅलिफोर्नियालाही त्यांनी आधी नाहीच म्हटले होते.